अभ्यास चालू आहे

तंजावरला पाहुणा आला की मी त्याला सरस्वती महाल ग्रंथालयात नेतो आणि सरफोजीराजांचं कौतुक सुरू करतो. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या राजाने धन्वंतरी महाल उभारला, माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधं करवली, डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसकट टिपणं ठेवली. ती आजही जपलेली आहेत. हे सांगताना माझा आवाज चढतो. अलीकडे मात्र तो चढला की माझा मलाच संशय येतो. दुखणं कागदावर मांडण्यात ज्यांना कमीपणा वाटला नाही, त्यांचा अभिमान मिरवणारा हा गृहस्थ स्वतःच्या घरात काय झाकून ठेवतो आहे?

माझा नातू अठरा वर्षांचा. बारावी झाली, ‘नीट’ पुन्हा द्यायची म्हणून घरी बसला. आता पुस्तकं मिटलेली आहेत. रात्रभर जागा, दिवसा झोप, जेवणाचं ताट अर्धंअधिक तसंच परत. विचारणाऱ्याला आम्ही सगळे एकच उत्तर देतो: अभ्यास चालू आहे.

विचारते ती बहुधा आरोग्य स्वयंसेविका. ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही घरपोच औषधांची योजना राज्यात ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून रक्तदाब आणि साखर दारात मोजली जाते. ती माझ्या गोळ्या देते, “अय्या, लोणचं बंद करा” म्हणून दटावते, आणि निघताना नातवाच्या खोलीकडे बघत विचारते, “तंबी हल्ली दिसत नाही?”

तिच्यापासून का लपवायचं? ती याच गल्लीतली, बातमी फुटेल, हे माझं पहिलं उत्तर. पण माझी साखर किती चढते हे गल्लीत कुणालाच माहीत नाही. तिने कधी सांगितलेलं नाही. ती डॉक्टर थोडीच आहे, हे दुसरं. तेही टिकत नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं, आणि सरकारी आरोग्य केंद्रांत त्यांच्या मदतीने नैराश्याचे अधिक रुग्ण सावरले, हे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आहे. शिवाय तिने उपचार करावेत असं कोण म्हणतंय? ओळखावं, घरच्यांना समजवावं, डॉक्टरांपर्यंत सोबत यावं, एवढंच तर हवं आहे.

तिसरं उत्तर खरं आहे आणि म्हणून ओंगळ आहे. नातीचं लग्न व्हायचंय. आमची मराठी घरं इथे मोजकी, कुंभकोणमपासून चेन्नईपर्यंत सोयरिकी गुंतलेल्या. कुणाच्या घरात काय हे पत्रिकेआधी पोहोचतं. म्हणजे मी जपतो आहे ते घराचं नाव, मुलाला नव्हे.

बायकोला त्याला गुणशीलमला न्यायचंय. कावेरीकाठच्या त्या देवळात मन बिघडलेल्यांना ४८ दिवस ठेवतात. मी तिला हसलो, वर एरवाडीची आठवण दिली. ६ ऑगस्ट २००१ ला तिथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. गुणशीलम म्हणजे एरवाडी नव्हे, हे मला माहीत आहे; वादात जिंकायला दाखला सोयीचा होता. आणि तिचा उपाय मला पटो न पटो, पोरगा आजारी आहे असं या घरात मोठ्याने म्हणणारी तीच एकटी. सुधारक म्हणवणारा मी अजून ‘अभ्यास’ म्हणतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. आकडा वाचून मला आधी हायसं वाटलं, आपण एकटे नाही म्हणून. तेही स्वतःसाठीच.

आणखी खाली उतरलं तर एक गोष्ट लागते. आजाराला नाव दिलं की तो कशाने वाढला हेही कुणीतरी विचारणार. डॉक्टर नातू कुणाला हवा होता? त्याला चित्रं काढायला आवडायचं. शिकवणीची फी मी भरली, आणि भरली हे चारचौघांत सांगितलंही.

आमचे वाद चालले आहेत ते सगळे त्याच्या पाठीमागे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सज्ञान माणसाच्या उपचाराला त्याची स्वतःची संमती लागते, माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्याचा. म्हणजे देऊळ की दवाखाना हे माझ्या किंवा बायकोच्या हातात नाहीच. पुढच्या वेळी स्वयंसेविका गोळ्या घेऊन येण्याआधी त्याला विचारायला हवं, या ताईंशी बोलशील का. नको म्हणाला तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे तमिळमध्ये बोलता येतं, गल्लीतलं कुणी नसतं. पण दार वाजवलं की तो आधी मलाच काहीतरी विचारेल. ‘नीट’ कुणाला हवी होती, हेच कदाचित. त्याला काय सांगायचं ते मी मनात जुळवतो आहे, आणि प्रत्येक वेळी वाक्याची सुरुवात “तुझ्या भल्यासाठी” अशीच होते.