वाऱ्यांचे फिरणे आणि श्रद्धावंतांचे कर्तव्य



ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे हा काळ अलीकडे फार अस्थिर झाला आहे. 2025 मध्ये फेब्रुवारीतच मुंबई-ठाण्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला. मेच्या पहिल्याच आठवड्यात वादळी पाऊस झाला आणि 26 मे रोजी मोसमी पाऊस नेहमीपेक्षा 16 दिवस आधी मुंबईत पोहोचला. उत्तरेकडून व पूर्वेकडून येणारे तप्त वारे जोरावर असले की समुद्राचा गार वारा उशिरा आत येतो आणि पारा चढतो. तापलेल्या भूमीवर बाष्प आले की दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात.

दिव्य कुरआनने वाऱ्यांच्या या फिरण्याला बुद्धिवंतांसाठी निशाणी म्हटले आहे (सूरह अल्-बकरा, 164, सूरह अल्-जासिया, 5). निशाणी पाहून थांबायचे नसते, तिच्यावरून काही शिकायचे असते.

येथे काही जण विचारतात, पर्जन्याचे ज्ञान अल्लाहकडे आहे (सूरह लुकमान, 34), तर हवामान विभागाच्या अंदाजावर विसंबणे श्रद्धेविरुद्ध नाही काय? नाही. अंदाज म्हणजे परोक्षाचे ज्ञान नव्हे. अल्लाहने सृष्टीत घालून दिलेल्या नियमांचे निरीक्षण करून काढलेला तो तर्क आहे, आणि तो चुकूही शकतो. हुदैबियाच्या मुक्कामी रात्री पाऊस पडला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पावसाचे श्रेय नक्षत्राला देण्याची अज्ञानकाळातील समजूत खोडून काढली. कारणाला ईश्वर मानणे त्यांनी निषिद्ध ठरविले; कारण ओळखून सावध होणे नव्हे. हजरत यूसुफ (अ.) यांना दुष्काळाची पूर्वसूचना मिळाली, तेव्हा सात वर्षे धान्य कणसातच राखण्याची योजना त्यांनी सांगितली (सूरह यूसुफ, 47-49). सूचना मिळाली की तयारी करावी, ही प्रेषितांची रीत आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू काय, असे विचारणाऱ्यास आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, हीच शिकवण मिळाली (तिर्मिजी).

आता 13 मे 2024 ची दुपार आठवा. धुळीच्या वादळात ठाणे-मुलुंडदरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकला, लोकल खोळंबल्या आणि कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे चाकरमानी अडकून पडले. घाटकोपरला जाहिरातीचा महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसे दगावली. मर्यादा 40 बाय 40 फुटांची, फलक मात्र 120 बाय 120 फुटांचा होता. वारा अल्लाहच्या आज्ञेने वाहिला. पण मर्यादा ओलांडणारा हात माणसाचा होता. म्हणून प्रत्येक आपत्तीला ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून आपली जबाबदारी झटकणे हा तवक्कुल नव्हे. तसेच मृतांना पापी ठरविणे हाही आपला अधिकार नाही.

ढग दाटून आले की प्रेषितांचा (स.) चेहरा चिंतेने पालटत असे, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. आद जातीने मेघ पाहून पाऊस येणार म्हणून आनंद मानला आणि त्यातून प्रकोप निघाला, याचे त्यांना स्मरण होई. ते वाऱ्याला शिवी देण्यास मनाई करीत, त्यातील भले मागत आणि त्यातील वाइटापासून अल्लाहचा आश्रय घेत. हे ईशभय अल्लाहपुढे लीन करणारे आहे. आद जातीची बेफिकिरी याच्या अगदी उलट होती.

शरीअतनेही हवेची दखल घेतली आहे. उष्मा तीव्र असेल तर जुहरची नमाज थोडी उशिरा अदा करण्याची शिकवण आहे. पावसाच्या व थंडीच्या रात्री आपापल्या मुक्कामी नमाज पढण्याची हाक दिली जात असे. ज्या धर्माने उपासनेतही माणसाच्या देहाची एवढी काळजी घेतली, त्याच्या अनुयायांनी मजुराला भर दुपारी स्लॅबवर राबवावे काय?

म्हणून विजा चमकत असताना मोकळ्या मैदानात वा झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा. गच्चीवरील सैल पत्रे व कुंड्या बांधून घ्या; आपला पत्रा उडून शेजाऱ्यास इजा होणे हे हक्कुल-इबादचे ओझे आहे. मशिदीच्या दाराशी थंड पाण्याची सोय करा आणि ते पाणी वाटसरूचा धर्म न विचारता द्या. भिवंडीच्या यंत्रमागावर घामाने निथळणारा कामगार, अवकाळी सरीत कच्च्या विटा विरघळताना पाहणारे वीटभट्टीवरील कातकरी कुटुंब, मोहोर गळालेला मुरबाड-शहापूरचा आंबा बागायतदार, या सर्वांचा आपल्या सदक्यावर व सहानुभूतीवर हक्क आहे.

अल्लाह आपल्यावर येणारे वारे कृपेचे करो, आपणांस सावध बुद्धी आणि दयाळू अंतःकरण देवो. आमीन.