संशय आणि पुरावा

पुराव्यावाचून कोणावर संशय घेऊ नये, ही शिकवण आम्हां कारकुनांच्या हाडीमाशी भिनलेली असते. जे कागदावर आले नाही ते घडलेच नाही, असे धरून चालणारा आमचा व्यवसाय. अनाथाश्रमातील मुलांच्या बाबतीत मात्र हीच सावध नीती अनीती ठरते की काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण मुलाच्या वाढदिवशी येथील एखाद्या आश्रमात जेवण देऊन येतात. समजा, पंगतीत बसलेले एखादे मूल व्यवस्थापकाची चाहूल लागताच अंग चोरते. त्यावरून सिद्ध काय होते? काहीच नाही. पण ज्याच्याविषयी शंका यावी त्याच्याच हातून ज्याला अन्न आणि अंथरूण मिळते, त्या मुलाने पुरावा आणावा कोठून? घरच्या मुलास निदान आजीच्या पदराआड जाता येते.

चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या महाबलीपुरम् येथील अनाथाश्रमांविषयी २००७ साली सर्वोच्च न्यायालयाकडे एक पत्र गेले. आधार होता तो छापून आलेल्या मजकुराचा. त्या पत्राचीच याचिका झाली आणि ५ मे २०१७ रोजी साऱ्या देशातील बालगृहांविषयी निकाल लागला. दहा वर्षे फारच झाली. पण पत्र गेले नसते तर तेही नाही. आपल्या मुलखातील राजुऱ्याची गोष्ट याच्या उलट. चंद्रपूर जिल्ह्यातील त्या गावी वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरावर, माहिती असून पोलिसांस न कळविल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला.

बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या पॉक्सो कायद्याचे एकोणिसावे कलम पुरावा मागतच नाही. गुन्हा झाल्याचे ठाऊक असणे, किंवा होईल अशी धास्ती वाटणे, एवढे त्यास पुरते. शुद्ध हेतूने कळविणाऱ्यास ते अभय देते. घडलेला गुन्हा दडविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास वर्षापर्यंत.

निरपराध माणसाची अब्रू गेली तर? आक्षेप हलका नव्हे. परंतु अब्रू जाते ती बहुधा कचेरीतील चहाच्या वेळच्या कुजबुजीने. कुजबुजीस उत्तर देता येत नाही, चौकशीस देता येते. म्हणून १०९८ वर अथवा पोलिसांस कळवावे. मुलास आपणच खोदून विचारू नये, कारण त्याच्या तोंडी आपले शब्द जातात. व्यवस्थापकास जाब तर मुळीच विचारू नये, त्या रात्री मूल त्याच्याच छपराखाली निजणार असते. तारीख, वेळ आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच, तर्क वगळून, लिहावे. एवढे आम्हां कारकुनांस नक्कीच जमते.