पाणी बघायला

आमच्या निपाणी भागात आषाढ-श्रावणात एक वाक्य घरोघरी ऐकू येतं : "चला, पाणी बघून येऊ." वेदगंगा-दूधगंगा पात्र सोडतात, जत्राट-भिवशी, भोज-कारदगा, कुन्नूर-बारवाड हे पूल एकामागोमाग पाण्याखाली जातात आणि माणसं छत्र्या घेऊन काठावर जमतात. लहानपणी मी आजीबरोबर जायचो. तिच्या हातात खण-नारळ असे. नदीची ओटी भरायची, हात जोडायचे आणि लगेच मागं फिरायचं. आम्ही रेंगाळलो की म्हणायची, "तिला वाट द्या रे."

2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगा महामार्गावर आली. पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. कोल्हापूरला निघालेले आमचे बेळगावचे पाहुणे निपाणीतच अडकले. घरात बसून मुलं कंटाळली, म्हणून 8 तारखेला मी सगळ्यांना गाडीत घालून यमगर्णीला नेलं. पाणी बघायला.

रस्ता जिथं पाण्यात शिरत होता तिथं गर्दी होती. दुभाजकावरच्या कण्हेरीचे शेंडे तेवढे वर दिसत होते. मागं ट्रकांची रांग. कुणी कणीस खात होतं, कुणी फोटो काढत होतं. मीही काढले. जरा अंतरावर एक आजोबा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर, पाण्याच्या अगदी कडेला, एक काठी रोवलेली होती. थोड्या वेळानं ते उठले, काठी उपसली आणि दोन पावलं मागं रोवून पुन्हा बसले.

आमची गाडी दिसली तसे ते जवळ आले. काचेतून मागच्या सीटवर डोकावले. तिथं वेफर्सची पाकिटं होती आणि मुलांचे कोरडे कपडे.

"वैरण आणलीसा व्हय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. "बरं," म्हणून ते परत काठीशी जाऊन बसले. त्या "बरं"मध्ये राग नव्हता, टोमणा नव्हता. अशा पाण्यात, अशा दिवशी कुणी गाडी घेऊन आलंय म्हणजे काहीतरी घेऊनच आलं असणार, एवढंच त्यांना वाटलं होतं.

पाणी तेही बघत होते, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. पण त्यांच्या बघण्याला माप होतं. काठीपासून गोठा किती पावलं, जनावरं आता सोडायची की रात्री, सोडली तर न्यायची कुठं. खाली ऊस बुडाला होता, सोयाबीन कुजायला लागलं होतं, तंबाखूचा तरवा गेला होता. आम्हाला एवढं मोठं तळं दिसलं आणि ते सुंदर वाटलं.

त्याच दिवशी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला, पुरातून बाहेर निघालेल्या गावकऱ्यांची बोट उलटली. 17 जीव गेले. बातमी कळली तेव्हा माझ्या फोनमध्ये सकाळचे फोटो होते. कुणाला पाठवावेत असं वाटेना.

तेव्हापासून गोकाकचा धबधबाही मला निराळा दिसतो. 170 फुटांवरून कोसळणारी तांबडी घटप्रभा, तिच्यावरचा झुलता पूल, अंगावर येणारे तुषार; बेळगावकडचा माणूस पावसाळ्यात एकदा तरी तिथं जातोच. पण धबधब्यापासून गोकाक गाव सहा-सात किलोमीटर खाली आहे. 2019 मध्ये तेच पाणी पुढं जाऊन गोकाकच्या गल्ल्यांत शिरलं. वर टाळ्या वाजवाव्यात आणि खाली कुणी माळ्यावर धान्य चढवत असावं, हे दोन्ही एकाच पाण्यामुळं.

खानापूरच्या जंगलातही तसंच. वज्रपोहा धबधब्याच्या वाटेवरचा चिखल, जळवा, भरलेले ओढे हे सगळं आपल्याला थरारक वाटतं. 2024 च्या पावसाळ्यात त्याच तालुक्यातल्या आमगावच्या लोकांनी एका आजारी बाईला खांद्यावरून जंगल पार करून दवाखान्याच्या वाटेला लावलं. आपली साहसाची वाट ही त्यांची रोजची वाट आहे.

मग जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. पूर ओसरल्यावर गोकाकला जावं, करदंट घ्यावा, चहा प्यावा. भिजलेल्या दुकानाला गिऱ्हाईक लागतंच. पण तेव्हा कुणी जात नाही. घराघरात गुडघाभर गाळ असतो, कुजक्या धान्याचा वास असतो, आणि "चला, गाळ काढून येऊ" असं वाक्य मी आमच्या भागात फार कमी वेळा ऐकलंय. पाणी चढतंय तेव्हा मात्र काठावर आपल्या गाड्या, आणि बोट उतरवायला, रुग्णवाहिका वळवायला जागा नाही.

2021 च्या जुलैमध्ये यमगर्णीला पुन्हा महामार्ग बंद झाला. या वेळी शेजारच्या दोघांना घेऊन टेम्पोत कडब्याच्या पेंढ्या भरल्या आणि गेलो. फार नव्हत्या, चार-पाच गोठ्यांना दोन दिवस पुरतील एवढ्याच. त्या आजोबांना मी शोधलं, ते दिसले नाहीत. नाव विचारून ठेवलं नव्हतं, त्यामुळं चौकशी तरी काय करणार? पेंढ्या उतरवून घ्यायला एक पोरगा आला, दहावी-अकरावीतला. काम झाल्यावर तो मला पाण्याकडं घेऊन गेला. तिथं कडेला एक काठी रोवलेली होती.

"सकाळी हितं होतं," तो म्हणाला, आणि काठीपासून पाण्यापर्यंत पावलं टाकून दाखवली. एक, दोन, तीन. पाणी उतरत होतं.