साक्षी आणि पाळत

गेल्या वर्षी शरदात दोन महिने मी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मुलीच्या घरी राहिलो होतो. तिच्या घरामागचे मक्याचे शेत जेथे संपते तेथून ओक आणि मेपल यांचे रान सुरू होते. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारा जन्म सुतारकामात गेलेला, बोलणे बेताचे, वागणे सरळ. एके दिवशी सकाळी ते वीतभर उंचीची एक पेटी हातात घेऊन आले आणि रानात बरोबर येता का, असे त्यांनी मला विचारले. ती पेटी म्हणजे जनावरांच्या वाटेवर बांधावयाचा कॅमेरा होता. आपल्याकडे वनखात्याची माणसे ज्याला ट्रॅप कॅमेरा म्हणतात तो. तो त्या दिवशी मी माझ्या हाताने एका झाडाला बांधला. त्या बांधण्यातून जो प्रश्न मनात उभा राहिला त्याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही. तो वाचकांपुढे मांडावा, इतकाच या लेखाचा हेतू.

प्रथम त्या यंत्राविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. या पेटीत उष्णतेतील फरक ओळखणारे एक लहानसे इंद्रिय असते. मागच्या झाडीहून निराळ्या उष्णतेचा देह समोरून हलला की ते जागे होते आणि कॅमेऱ्याची कळ आपोआप दाबली जाते. दिवसा सूर्यप्रकाश असतोच. रात्री अवरक्त किरणांचा दिवा पेटतो. तो दोन तऱ्हांचा असतो. एकाचा अंधुक लालसर ठिपका दिसतो, दुसरा डोळ्यांना मुळीच दिसत नाही; मात्र त्याचा पल्ला कमी आणि चित्र अधिक धूसर. निवड करताना चित्राच्या बारकाव्यापेक्षा कळ किती लवकर दाबली जाते हे पाहावे, असे त्या गृहस्थांचे मत. पंचवीस वर्षांपूर्वी विकतची यंत्रे महाग होती, तेव्हा त्यांनी आपले यंत्र घरीच बनवले. एक साधा डिजिटल कॅमेरा उघडून त्याच्या कळीला तारा डाखल्या, त्या उष्णता ओळखणाऱ्या पट्टीला जोडल्या, आणि सारे एका जलरोधक पेटीत बसवून भिंगासमोर काच चिकटवली. पण निद्रिस्त कॅमेरा जागा होईपर्यंत हरीण पुढे गेलेले असे. ‘पहिल्या वर्षी माझ्याजवळ फक्त शेपट्यांची छायाचित्रे जमली,’ असे ते हसत म्हणाले.

यंत्र बांधण्याचेही एक शास्त्र आहे. भिंग उत्तरेकडे असावे, नाहीतर उगवता व मावळता सूर्य थेट आत शिरतो. उंची माणसाच्या कमरेइतकी. वाटेला काटकोनात न ठेवता तिरपे ठेवावे, म्हणजे जनावर अधिक काळ समोर राहते. पुढचे गवत आणि लोंबत्या फांद्या कापाव्यात. अन्यथा उन्हाने तापलेली पाने वाऱ्याने हलतात आणि रिकामी चित्रे शेकड्यांनी जमतात. हातात मोजे व पायांत रबरी बूट हवेत, कारण माणसाचा वास रेंगाळतो. आणि चित्रे पाहण्यासाठी वारंवार जाऊ नये. जो उतावीळ होतो त्याच्या वाटेवरून हरीण पुन्हा येत नाही.

जागा मात्र मी दाखवली. माझे बालपण सत्तरीत गेले. रानातले जनावर चढ टाळते, ओहोळ ओलांडताना उतरती दरड शोधते, हे मी तेथे लहानपणी पाहिले होते. तेथील ओढ्याच्या काठी मातीवर खुरांचे ठसे होते. मी बोट दाखवले, त्या गृहस्थांनी मान डोलावली, आणि पट्टा मी आवळला. त्या क्षणी मला केवळ आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

तीन आठवड्यांनी आम्ही चित्रे पाहिली. कोल्हे, खारी, रकून, आणि त्यांत एक उमदा नर, शिंगांना आठ टोके असलेला, पहाटेच्या सुमारास त्याच दरडीवरून उतरणारा. एके रात्री तो थेट भिंगात पाहत होता. नोव्हेंबरच्या अखेरीस शिकारीचा हंगाम उघडला आणि त्या गृहस्थांनी त्याच ओढ्यावर, त्याच वेळी, एका गोळीत तो टिपला. सायंकाळी ते कागदात गुंडाळलेले मांस घेऊन दारी आले. ‘जागा तुम्ही निवडली, हा तुमचा वाटा,’ असे ते म्हणाले.

आमच्याकडे पारधीला रान हाकणाऱ्यालाही वाटा मिळतो. तेव्हा त्यांचे म्हणणे मला अपरिचित नव्हते. परंतु त्या एका शब्दाने मला मनुस्मृतीची आठवण झाली. पाचव्या अध्यायात मनूने प्राणिवधाचे आठ वाटेकरी सांगितले आहेत: अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. यांत जागा दाखवणारा कोठे बसतो? मी गोळी झाडली नाही, हे खरे. पण माझ्या बोटावाचून ती गोळी त्या जागी गेली नसती.

येथे कोणी म्हणेल की, मत्स्याहारी गोमंतकीयाने हरणासाठी गहिवर दाखवावा हा दंभ आहे. आक्षेप योग्य आहे आणि तो मी टाळीत नाही. सोमवार आणि सणवार वगळता आमच्या घरी मासळी शिजते. म्हणूनच मारावे की मारू नये हा येथे माझा प्रश्न नाही. जो मारतो त्याने आपले पाहणे कोठवर नेण्यास मोकळीक आहे, हा माझा प्रश्न आहे. आणि तो आमच्या रापणकारांना अपरिचित नाही. प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासळीचे थवेच्या थवे ओढून घेणाऱ्या नौकांविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात अशा मासेमारीवर बंदी घातली. रापणकार स्वतःही मासेच मारतात. त्यांची तक्रार मारण्याविषयी नव्हती. समुद्रात मासळीला निसटण्यास काही अंधार उरला पाहिजे, असे तिचे सार मला वाटते.

अमेरिकेतील शिकाऱ्यांमध्येही हाच वाद चालू आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘न्याय्य पाठलाग’ ही कल्पना रूढ केली: शिकाऱ्याने जनावरावर अनुचित वर्चस्व मिळवू नये, त्याला निसटण्याची खरी संधी असावी. आता काही कॅमेरे टिपलेले चित्र तत्क्षणी शिकाऱ्याच्या दूरध्वनीवर पाठवतात. अशा चित्रावरून माग काढून मारलेले जनावर हा क्लब आपल्या नोंदीत घेत नाही. अॅरिझोना राज्याच्या आयोगाने २०२१ च्या जूनमध्ये शिकारीला साहाय्य म्हणून असे कॅमेरे वापरण्यास मनाई केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अंमलात आली. त्या प्रदेशात पाणी थोडे. मोजक्या पाणवठ्यांभोवती कॅमेऱ्यांची दाटी झाली होती. तहानेने व्याकूळ झालेल्या प्राण्याला पाण्याचा घोट घेतानाही लपता येऊ नये, हे त्या कोरड्या मुलखातील शिकाऱ्यांनाही खटकले.

आपल्या पुराणेतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडलेल्या आहेत. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात वाली रामाला विचारतो की, मी दुसऱ्याशी झुंजत असता तू आडून बाण का सोडलास? रामाच्या उत्तरात एक युक्तिवाद असा आहे की, माणसे जाळी, फास व लपवलेले खड्डे यांनी, उघडपणे वा आडून, मृगांना धरतात आणि त्यांत दोष मानला जात नाही. हा युक्तिवाद शतकानुशतके श्रद्धावंतांच्याही मनाला टोचत आला आहे, यातच काही अर्थ आहे. आणि त्याच रामायणात दशरथाची कथा आहे. शब्दवेधी बाण ही त्या काळची प्रगत विद्या होती. डोळ्यांनी न पाहता केवळ आवाजावरून लक्ष्य भेदता येई. शरयूच्या काठी अंधारात घडा भरण्याचा आवाज त्याने हत्तीचा मानला, आणि मातापित्यांसाठी पाणी नेणारा तरुण तपस्वी मेला. तेथेही पाणवठाच होता, आणि तेथेही तहान होती.

या कथेवरून यंत्राचा कैवारी म्हणेल की, दशरथाजवळ कॅमेरा असता तर तो अनर्थ टळला असता. हे काही अंशी खरे आहे. माझे शेजारी मला सांगत की, चित्रे पाहिल्यामुळे ते कोवळे नर सोडून देतात, पिले बरोबर असलेली मादी ओळखतात, आणि अंदाजाने गोळी झाडण्याचा मोह होत नाही. अज्ञानातून होणारी हिंसा ज्ञानाने कमी होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु दशरथाचा प्रमाद केवळ न पाहण्याचा होता काय? मला वाटते, आपले साधन जेथवर पोहोचते तेथवर आपला अधिकारही पोहोचतो, असे त्याने गृहीत धरले, हा मूळ प्रमाद होय. चुकीच्या लक्ष्यावरचा बाण कॅमेरा टाळील. हे गृहीत मात्र तो अधिकच पक्के करील.

या यंत्राचा पूर्वेतिहास पाहिला तर मात्र आशेला जागा सापडते. ज्यांनी तो प्रथम रानात नेला ते जॉर्ज शिरास हे याच पेनसिल्व्हेनियाचे, काही काळ अमेरिकी काँग्रेसचे सभासद आणि बालपणापासूनचे शिकारी. होडीच्या पुढे दिवा लावून हरणांना दिपवावयाचे आणि मारावयाचे, ही रीत त्यांना ठाऊक होती. पुढे त्यांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला, वाटेवर तार बांधून जनावराला स्वतःचेच छायाचित्र काढावयास लावले, आणि १९०६ च्या जुलैत नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने त्यांची ७४ छायाचित्रे छापली. आपल्याकडे उत्तरेच्या जंगलांत वनाधिकारी चॅम्पियन यांनी याच रीतीने वाघ टिपले; त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. पुढे उल्लास कारंत यांनी नागरहोळेत कॅमेऱ्याच्या साहाय्याने वाघांची संख्या काढण्याची पद्धत रुजवली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे आणि दोन कुशींवरचेही निराळे, म्हणून वाटेच्या दोन बाजूंस समोरासमोर दोन कॅमेरे ठेवतात. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे होते आणि त्यांनी तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. आमच्या म्हादईच्या अभयारण्यातही वाघ आहे हे या डोळ्यानेच दाखवून दिले.

म्हणजे यंत्र तेच, पाणवठाही तसाच. एका ठिकाणी ती पाळत आणि दुसऱ्या ठिकाणी ती साक्ष. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. या दुसऱ्याला आपण साक्षी म्हणतो. पाहणाऱ्याने फळाचा लोभ सोडला की पाहण्याचा दोष जातो, असे म्हणून हा लेख येथेच संपवता आला असता.

पण दोन घटना मला तसे करू देत नाहीत. २०२० च्या जानेवारीत म्हादईच्या रानात एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले. ज्या सत्तरीत वाघ्रोदेवाला आजही नमस्कार केला जातो, त्याच सत्तरीत हे घडले. कॅमेरा साक्षी होता, पण रक्षक नव्हता. दुसरी घटना उत्तराखंडातील. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वन्य प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे सरपण व गवतासाठी रानात जाणाऱ्या स्त्रियांचे गाणे, बोलणे, वावरणे संकोचले, असे केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनातून २०२४ साली पुढे आले. एका स्त्रीचे देहधर्म करतानाचे छायाचित्र तर गावभर फिरवले गेले, आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. तेथे कोणी शिकारी नव्हता. तरीही पाळत होतीच. साक्षी म्हणवून घेणाऱ्यालाही कोणाला तरी जाब द्यावा लागतो, आणि जेथे तो द्यावा लागत नाही तेथे उदात्त हेतूचाही डोळा पाळतीचा होतो.

तेव्हा माझ्यापुरती एवढीच मर्यादा मी आखू शकतो. ज्याच्या जिवावर आपला हेतू आहे त्याला तहान, झोप व वीण यांच्या वेळी पाहू नये. आणि पाहिलेच, तर त्या पाहण्याचा लाभ घेऊ नये. आमच्याकडे जून-जुलैत ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तिचे मर्मही मला हेच वाटते. माझ्या शेजाऱ्यांनी दूरध्वनीवर चित्र पाठवणारा कॅमेरा कधी घेतला नाही. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘मग मी रानात कशाला जावे?’ त्यांची रेषा त्यांनी आखली आहे. ती माझ्या रेषेहून बरीच पलीकडे असली तरी त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पट्टा मीच आवळला होता.

त्या संध्याकाळी मी मांस हात जोडून परत केले. ते रागावले नाहीत. निघताना मी त्यांच्याकडे ते रात्रीचे चित्र मागून घेतले, ज्यात तो नर थेट भिंगात पाहत आहे. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. वाटा मी नाकारला असे मला काही दिवस वाटत होते. आता खण उघडला की तसे वाटत नाही.