भेग कधी बुजवावी

मे महिन्यात सिहोऱ्याकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा जुन्या कवेलूच्या घरातल्या माडीच्या फळ्या बघाव्यात. दोन फळ्यांच्या मधून खालच्या खोलीतला उजेड दिसतो, एखादीचं टोक वीतभर चिरलेलं असतं, आणि घरात कुणीतरी म्हणतंच, ‘यंदा हे बुजवून घेऊ.’ शेतीची कामं थांबलेली, वाढईही सापडण्यासारखा. बेत बिनचूक वाटतो. लाकडासाठी मात्र याहून वाईट मुहूर्त नाही.

झाड कापलं, फळी झाली, तरी हवेतली ओल पिणं आणि टाकणं लाकूड सोडत नाही. पिताना ते रुंदीत फुगतं, टाकताना रुंदीतच आकसतं. लांबीतला फरक नजरेला दिसण्याइतकाही नसतो. सागवान यात सगळ्यांत शहाणं, तरी आठ इंच रुंदीची सागवानी फळी मे ते ऑगस्ट एवढ्यात दोन-तीन मिलिमीटरनं सहज वाढते. येनाचं लाकूड तर उन्हात चिरायला टपलेलंच. तुमसर तालुक्याच्या या भागात वर्षाकाठी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. मेमधली फट म्हणजे फळीनं श्रावणासाठी राखून ठेवलेली जागा. तिथे भुसा आणि फेव्हिकॉल कोंबला की पावसाळ्यात फुगायला निघालेली फळी शेजारचीला रेटते, खिळे उचलते, नाहीतर मधूनच वर उठते. मग आपण म्हणतो, दुरुस्ती टिकली नाही. भुसा बिचारा जागेवरच असतो.

तेव्हा दोन फळ्यांमधली फट सोडून द्यावी. फळीच्या अंगातली भेग मात्र पायानं तपासावी. भेगेच्या एका बाजूला उभं राहून भार दिला आणि दोन्ही कडा एकसारख्या दबल्या, तर ती नुसती वरची चिरण आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नये. एकच कड खाली गेली तर फळी फुटली आहे. टोकांनाच भेगा जास्त का, तर कापलेल्या तोंडातून ओल फार लवकर निसटते. टोक आधी वाळतं, आकसू बघतं, मधलं अंग अजून ओलसर असतं. या ओढाताणीत टोक उकलतं. खिळा अगदी कडेला ठोकलेला असला की विचारायलाच नको. जुने वाढई खिळा मारण्याआधी त्याच्या टोकावर हलका हातोडा घालतात. अणकुचीदार खिळा पाचरीसारखा घुसून लाकडाच्या रेषा फाकवतो, बोथट खिळा त्या चेचत जातो. इतकी साधी युक्ती, पण आता घाईत कोण करतं.

फुटलेल्या फळीचं काम धान घरात आल्यावर, थंडीत काढावं. तेव्हा लाकूड ना पुरतं फुगलेलं असतं, ना पुरतं आटलेलं. भेग जिथे संपते तिथे बारीक भोक पाडलं की ती सहसा पुढे धावत नाही. मग आत पातळ पट्टीनं गोंद सारायचा, शिकंजा लावून रात्रभर ठेवायचं, आणि खालून आडवी पट्टी द्यायची. खरी चूक होते ती इथे. पट्टी चार स्क्रूंनी घट्ट आवळली तर फळीला आकसताच येत नाही, आणि पुढच्या वैशाखात ती जुन्या भेगेच्या बाजूलाच नवी भेग पाडते. मधला एक स्क्रू घट्ट, बाकीच्यांची पट्टीतली भोकं आडवी लांबट. फळी बांधलेलीही राहते आणि हलतेही.

भेग उघडी ठेवूनही सांभाळता येते. जॉर्ज नाकाशिमा नावाचा जपानी वंशाचा अमेरिकन कारागीर 1930च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरीत अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंडे’ या इमारतीच्या कामावर होता. पुढे त्यानं टेबलांसाठी मुद्दाम भेगाळलेले प्रचंड फळे निवडले, आणि भेगेवर आडवे, दोन्ही टोकांना रुंद नि कमरेत बारीक असे लाकडी तुकडे बसवले. भेग उघडी ठेवली, तिचं वाढणं तेवढं थांबवलं. आपल्या माडीवर एवढी कलाकुसर नको, पण भेग लपवलीच पाहिजे हा हट्ट तरी सोडता येईल.

कधीकधी तर काहीच जोडावं लागत नाही. फळी उलटी करून बसवायची. खालची बाजू चुलीच्या धुरानं काळीठिक्कर असते, पण वाळवी लागलेली नसेल तर रंधा फिरवताच आतून चांगलं, निबर लाकूड निघतं. नव्या सागवानाचा भाव विचारून आलेल्या माणसानं हे आधी करून बघावं.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. इकडच्या बांध्यांत उभ्या धानातच उतेरा म्हणून लाखोरी आणि जवस फेकतात, त्यामुळे हे तेल परकं नाही. तेलानं ओलीचं येणं-जाणं बंद होत नाही, मंद होतं. आणि फळीला तेवढंच हवं असतं. तोंडाला दोन हात जास्त द्यावेत. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि आत कोंडलेल्या उष्णतेनं चिंध्यांचा बोळा काडी न लावताही पेट घेतो. चिंध्या अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवाव्यात.