लेकराकडून घेतलेली उचल

आमच्या गावाचं नाव ईट. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. परगावच्या पाहुण्यांना फोनवर गावाचं नाव सांगितलं की ते हमखास म्हणतात, "ईद? वो तो अभी दूर है." आमच्या दोन लेकरांना हा घोटाळा फार आवडतो. "आपल्याकडं बाराही महिने ईद असते," असं ती शाळेत सांगत फिरतात.

विनोद गोड आहे, पण खरा नाही. ईद वर्षातून दोनदाच येते आणि लेकरांच्या वाट्याला ती मोजून येते. चौथ्या वर्षी कळायला लागतं, चौदाव्या वर्षी लेकरू मोठ्यांच्या सफेत जाऊन उभं राहतं. मधल्या काळात रमजान ईदा येतात दहा-अकरा. चांद्रवर्ष 354 दिवसांचं असल्यामुळं ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. 2005 साली ती दिवाळीच्या आठवड्यात आली होती, 2025 साली पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आली. ती सगळ्या ऋतूंतून फिरून तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येईल, तोवर आपली लेकरं स्वतः आईबाप झालेली असतील. म्हणून त्या दहा-अकरा ईदांतली एक जरी आपल्या हातून चुकली तरी तिचा हिशोब द्यावा लागतो. हा हिशोब त्यातल्याच एका ईदचा आहे.

आम्ही दोघं, म्हणजे एक शाळेवर शिकवायला आणि दुसरी घरी शिलाईच्या मशीनवर. लेकरं दोन, थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या घरातली मशीन सहरीपर्यंत थांबत नाही. गल्लीतल्या पोरींचे फ्रॉक, सलवार-कमीज, कुणाची बाही, कुणाची झालर. ह्याच कमाईवर आमची ईद होते, म्हणून नाही म्हणता येत नाही. धाकट्याला बार्शीहून पठाणी आणली होती, कारण तो दुकानात आडवा पडून रडला होता. थोरलीचं कापड घेऊन ठेवलं होतं. शिवणारी घरातलीच, तेव्हा तिचं शेवटी शिवू असं ठरलं. गल्लीची कामं संपता संपेनात आणि ते शेवट काही आलंच नाही.

30 मार्च 2025 ची संध्याकाळ. शेजाऱ्यांच्या गुढ्या उतरत होत्या आणि आम्ही सगळे माळवदावर चढून पश्चिमेला चंद्र शोधत होतो. शेजारच्या काकूंनी सकाळीच दोन साखरेच्या गाठी आणून दोघांच्या गळ्यात घातल्या होत्या. दोन्ही सारख्या, एकाच लांबीच्या. चंद्र दिसला, सलाम झाले, खाली आलो, तेव्हा थोरलीचं कापड मशीनशेजारी तसंच घडी घालून पडलेलं. आमच्या तोंडाकडं पाहून तीच आधी बोलली, "अम्मी, मेरेकू नक्को. पिछले सालका अच्छा है."

दादीनं तिला जवळ घेतलं. "किती समजूतदार पोर आहे!" ईदच्या दिवशी शीरखुर्मा प्यायला आलेल्या प्रत्येकाला ही हकिगत सांगितली गेली आणि प्रत्येकानं शाब्बास म्हटलं. आम्हीही म्हटलं. खरं सांगायचं तर आम्हाला बरं वाटलं. पोरीला वळण लागलं आहे, आमच्या हातून काहीतरी चांगलं घडलं आहे, असं वाटलं. मागच्या वर्षीच्या फ्रॉकची उसवलेली खालची पट्टी तिनंच रात्री बसून वेड्यावाकड्या टाक्यांनी खाली सोडली होती. हे आम्हाला तो धुवायला टाकला तेव्हा दिसलं.

तरीही डोळे उघडले नाहीत. ते उघडले मे महिन्याच्या सुट्टीत. दुपारी दोघं ओसरीवर "बाजार बाजार" खेळत होती. धाकटा गिऱ्हाईक, थोरली दुकानदार आणि अब्बाही तीच. धाकटा काहीतरी मागून हट्ट करत होता. ती त्याला अगदी हळू आवाजात समजावत होती, "असं नाही करायचं. अब्बांनी विचारलं की आधी नको म्हणायचं. नको म्हटलं की सगळे शाब्बास म्हणतात."

आम्ही दोघं आतल्या खोलीत होतो. आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि काही बोललो नाही. ज्याला आम्ही समजूत म्हणत होतो, तो तिनं शोधून काढलेला एक सौदा होता. वस्तू मिळणार नाही हे तिला कळलं होतं. वस्तूच्या जागी कौतुक मिळतं, हेही कळलं होतं. आणि आता ती ते धाकट्याला शिकवत होती.

वाचकहो, प्रश्न इथून सुरू होतो. लेकराच्या समजूतदारपणाचं कौतुक करावं का?

आपल्यापैकी बहुतेकांनी प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा कधीतरी वाचलेली असते. 1933 सालची ही कथा. अनाथ हमीद मेळ्यात खेळणी, मिठाई काही न घेता तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटं पोळतात. वर्गात ही कथा आम्ही कितीदा तरी शिकवली, आणि प्रत्येक वेळी खाली तात्पर्य लिहून दिलं की मुलांनी हमीदसारखं व्हावं. आता ती पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की प्रेमचंदांनी असं कुठंच म्हटलेलं नाही. त्यांची आजी शाब्बास म्हणत नाही. ती आधी रागावते, पोर दुपारपर्यंत उपाशी फिरलं म्हणून छाती बडवते, आणि कारण कळल्यावर रडते. लेकरू म्हातारं झालं आणि आपण त्याला तसं होऊ दिलं, याचंही ते रडणं असावं, असं आम्हाला वाटतं. तात्पर्य काढण्याच्या घाईत आम्ही मास्तरांनी आजीचे अश्रू वगळले आणि चिमट्याचं कौतुक तेवढं ठेवलं.

यावर एक उत्तर तयार असतं. ती स्वतःहून नको म्हणाली, कुणी जबरदस्ती केली नाही, मग अन्याय कुठं झाला? हे उत्तर आम्ही स्वतःलाही देऊन पाहिलं. पण आपल्याच परंपरेत ते टिकत नाही. नोमान बिन बशीर यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि हजरत पैगंबरांना साक्षीदार व्हायला सांगितलं. पैगंबरांनी एकच गोष्ट विचारली, इतर मुलांनाही असंच दिलं आहेस का? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितलं. ह्या प्रसंगात उरलेल्या मुलांनी तक्रार केली होती असं कुठं येत नाही. कुणी मागितलं का, रडलं का, हे विचारलंच गेलं नाही. देणाऱ्यानं काय केलं, एवढंच विचारलं गेलं. म्हणजे लेकराचा हक्क त्याच्या मागण्यावर अवलंबून नाही. आमच्या घरात मात्र रडणाऱ्याला पठाणी मिळाली आणि गप्प बसणारीला शाब्बासकी. पोरगा रडला की हौस आणि पोरगी रडली की हट्ट, असं आपल्या घरांत सहज म्हटलं जातं. आमच्याही म्हटलं जात होतं. त्यात धाकट्याचंही नुकसानच होतं. रडून मिळतं हे त्यालाही आम्हीच शिकवलं.

दुसरी गोष्ट कायद्याची. मुस्लिम कायद्यात हिबा, म्हणजे देणगी, करणारा सज्ञान असावा लागतो. नाबालिगानं आपली वस्तू देऊन टाकली तर ती देणगी धरली जात नाही, आणि पालकालाही नाबालिगाची मालमत्ता परस्पर दान करता येत नाही. लेकराचं "घ्या" हे मोठ्या माणसाच्या "घ्या"सारखं नसतं, हे फकीहांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखलं होतं. मग नऊ वर्षांच्या पोरीनं तिची ईद आम्हाला दिली आणि आम्ही ती घेतली, हा व्यवहार कोणत्या खात्यावर लिहायचा? ती देणगी नव्हे, कारण देणगी करायचं तिचं वयच नाही.

इथं कुणी हजरत इब्राहीमांचा दाखला देईल. मुलानं तर जीवसुद्धा द्यायची तयारी दाखवली होती. खरं आहे. पण सूरह साफ्फातमध्ये बापानं आधी मुलाला विचारलं आहे, तुझं मत काय? एवढा मोठा हुकूम समोर असताना बाप मुलाचं मत विचारतो, याकडं आपण बकरी ईदच्या गडबडीत फारसं लक्ष देत नाही. आणि दुसरं, तिथं मागितलेलं घेतलं गेलं नाही, लेकरू बापाला परत मिळालं. आम्ही विचारलं नाही, आणि जे मिळालं ते ठेवून घेतलं.

आता ह्या सगळ्याला एक खरा आक्षेप आहे, आणि तो आमच्याच भागातून येतो. भूम, वाशी, कळंब ह्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात ती पाडव्याच्या आसपास परततात. त्यांत आपलीही माणसं आहेत. तिथं थोरली पोर कोपीत बारक्याला सांभाळते म्हणून आईला मोळी बांधता येते. तिनं नको म्हणायला शिकलं नाही तर घर चालत नाही. अशा घराला तुम्ही बालपणाच्या हक्काचं व्याख्यान देणार का? शाळेतल्या रिकाम्या बाकांकडं पाहताना हा प्रश्न आम्हाला दर हिवाळ्यात पडतो.

उत्तर त्याच माणसांच्या एका शब्दात सापडलं. तो शब्द म्हणजे उचल. फडावर जाण्याआधी जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. उचल घेणं ही गरज असते, त्याची कुणाला लाज वाटत नाही. पण ती वहीत लिहिलेली असते आणि राबून फेडावी लागते. उचलीला बक्षीस म्हणणारा माणूस आमच्या पट्ट्यात सापडणार नाही.

लेकरांचंही असंच आहे, असं आम्हाला वाटतं. गरज पडली तर घर लेकराकडून घेतंच. कधी त्याचा कपडा, कधी त्याची सहल, कधी त्याच्या वाट्याचा वेळ घेतं. गरीब घर जास्त घेतं, आणि त्यासाठी त्या घराला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण घेतलं ते उचल म्हणून घ्यावं. तिला त्याग म्हणू नये, संस्कार म्हणू नये. कारण त्याग म्हटलं की खातं तिथंच बंद होतं, फेडायचं काही उरत नाही, आणि वर पुढच्या वेळीही तिनंच द्यावं अशी अपेक्षा मात्र राहते. उचल म्हटलं की निदान वहीत नोंद राहते. "बाई, हे तुझं आहे, आज आम्हाला लागतंय, आमच्याकडून राहिलं आहे," एवढं लेकराच्या तोंडावर सांगायला पैसे लागत नाहीत. फडावरच्या बापालाही ते सांगता येतं, आणि पगारदार बापानं तर सांगायलाच हवं.

शाब्बासकी पूर्ण वाईट, असं आमचं म्हणणं नाही. भावाला आपल्या हातानं घास देणारी बहीण पाहून कुणालाही आनंदच होईल. फरक एवढाच की देणाऱ्याजवळ आधी काही असावं लागतं. जिच्या हातात काही ठेवलंच नाही तिचं रिकामं हात पसरणं म्हणजे दातृत्व नव्हे.

आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. त्या वर्षी बकरी ईद 7 जूनला होती. मशीनवर पहिलं कापड थोरलीचं घेतलं, गल्लीचं नंतर. पण ते शिवायला घेण्याआधी तिला म्हटलं, "मागच्या ईदला तुझं राहून गेलं. चूक आमची होती. तू नको म्हणालीस म्हणून ती चूक संपत नाही." ती गोंधळली. बाही कशी हवी विचारलं तर म्हणाली, "कशीबी चालते." हे "कशीबी चालते" आमच्या काळजात फ्रॉकच्या त्या वेड्यावाकड्या टाक्यांपेक्षा खोल गेलं. जिला काही मागायचं नसतं तिला सगळं मिळालेलं असतं असं नाही. कधी कधी तिनं मागणं सोडून दिलेलं असतं. आम्ही चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी ती स्वतःच आली आणि म्हणाली, बाहीला झालर पाहिजे, शेजारच्या गल्लीतल्या मैत्रिणीच्या फ्रॉकला आहे तशी.

पुढं सुट्टी पाहून दोघांना परांड्याचा किल्ला दाखवायला नेलं. दोन वर्षं "नेऊ नेऊ" चाललं होतं, हीही उचलच. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ पूर्वी ह्याच किल्ल्यात होती आणि 1632 साली ती विजापूरला नेली, असं आम्ही मास्तरकीच्या सवयीनं सांगत होतो. धाकट्याचं लक्ष बुरुजावरच्या तोफेवर बसण्याकडं. परत निघायची वेळ झाली, एस.टी. चुकेल म्हणून घाई केली, तर थोरली पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी नाही येत. मला अजून बघायचंय." समजावलं, ऐकेना. धाकटा आधी बराच वेळ तोफेजवळ थांबला होता, मग आता तिची पाळी, असं तिचं म्हणणं.

एस.टी. चुकली. फाट्यावर तासभर उभं राहावं लागलं. घरी आल्यावर दादी म्हणाली, "पोरगी हल्ली फार हट्टी व्हायला लागली." आम्ही दोघं हसलो. वहीतली बाकी अजून बरीच आहे, पण पहिला हप्ता गेला होता.