शाळेचे देणे : दान की कर्ज?

दिवाळीची अथवा मे महिन्याची सुट्टी लागली की गावोगावच्या शाळांत माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे भरतात. वीस-पंचवीस वर्षांनी वर्गमित्र भेटतात, वृद्ध गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, जुन्या बाकांवर बसून छायाचित्रे काढली जातात आणि निघताना शाळेला एखादा संगणक, पाण्याची टाकी किंवा कमान भेट दिली जाते. ही प्रथा स्तुत्य आहे. तथापि तिच्या मुळाशी एक प्रश्न आहे. शाळेला आपण जे देतो त्याला काय म्हणावे, दान की कर्जफेड?

हा शब्दांचा खेळ नव्हे. दान देणारा स्वेच्छेने देतो. त्याने दिले नाही तरी त्याला कोणी जाब विचारत नाही. ऋणकोची गोष्ट वेगळी. तो देतो तेव्हा त्याच्या मनात उपकाराची नव्हे, सुटकेची भावना असते. कर्ज फेडल्याबद्दल कोणी स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी लावून घेत नाही.

कोणी म्हणेल, मी हे कर्ज मागितलेच नव्हते. सहा वर्षांच्या बालकाने कोणता करार केला होता? आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु आईच्या दुधासाठीही कोणी करार केलेला नसतो. तरीही पवित्र कुरआनात सूरह लुकमानमध्ये अल्लाहने स्वतःविषयीच्या कृतज्ञतेला जोडूनच माता-पित्यांविषयीच्या कृतज्ञतेचा आदेश दिला आहे. यावरून स्पष्ट होते की जी ऋणे न मागता आपल्यावर चढतात, तीच सर्वांत खरी असतात. लोकांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊद व तिर्मिझी यांच्या हदीससंग्रहांत नोंदलेली आहे.

हे ऋण मानताना ज्ञान देणाऱ्याचा धर्म पाहिला जात नाही. बद्रच्या युद्धानंतर, इ.स. ६२४ मध्ये, ज्या कैद्यांपाशी खंडणीची रक्कम नव्हती पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतील मुलांना लेखन शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे प्रेषितांनी (स.) ठरविले. कालपर्यंत तलवार घेऊन आलेले ते लोक मुलांचे शिक्षक झाले. मग ज्या गुरुजींनी आपला हात धरून ‘अ’ गिरवून घेतला, ज्या बाईंनी आपल्या मुलींना नववीनंतर शाळेतून काढू नका म्हणून घरी येऊन विनविले, त्यांचे ऋण मानताना मुस्लिमाने अवघडण्याचे कारणच काय?

कर्ज कसे फेडावे, याचाही आदर्श आपल्यासमोर आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार प्रेषितांनी (स.) एकाकडून उंटाचे पिल्लू उसने घेतले होते. परतफेडीच्या वेळी तशा वयाचा उंट मिळेना, तेव्हा त्याहून चांगला, पूर्ण वाढलेला उंट देण्यास त्यांनी सांगितले आणि उत्तम रीतीने देणे फेडणारा माणूसच उत्तम, असे शिकविले. आपल्याला गळक्या पत्र्याखालची शाळा मिळाली असेल, तर पुढच्या पिढीच्या हाती त्याहून चांगली शाळा सोपविणे, हा त्या उंटाचा धडा होय.

या वाटेने गेलेली माणसे महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जाती-धर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. त्यांच्या छत्राखाली शिकलेले पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीत पैसा होता, प्रतिष्ठा होती. त्यांनी मात्र आपले आयुष्य रयतच्या अध्यापनकार्याला दिले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूपदही भूषविले. प्रत्येकाला आयुष्य देता येणार नाही; पण महिन्याचा एक शनिवार तर देता येईल.

माळशिरस तालुक्यातील आमचे श्रीपूर हे साखर कारखान्यामुळे वाढलेले गाव. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची कुटुंबे या पट्ट्यात उतरतात आणि त्यांची मुले फडात किंवा कोपीपाशी धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार हंगामाच्या मध्यावरही त्यांना जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो. पण पहाटेच फडात गेलेल्या बापाला हे कोणी सांगायचे? मुलाला शाळेपर्यंत कोणी पोहोचवायचे? कुरआनने ज्या वाटसरूचा हक्क पुनःपुन्हा सांगितला, तो आपल्या गावात हातात दप्तर नसलेल्या या मुलाच्या रूपाने येतो. माजी विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाने हंगामापुरती एवढीच जबाबदारी उचलली, तर ती कोणत्याही कमानीपेक्षा मोठी भेट ठरेल.

येथे एक शरई बाब ध्यानात ठेवावी. हनफी फिक्हनुसार जकात पात्र व्यक्तीच्या मालकीत देणे आवश्यक असते. म्हणून शाळेच्या भिंती, बाके वा संगणक यांवर जकातीची रक्कम खर्च करता येत नाही. गरीब व पात्र मुस्लिम विद्यार्थ्याच्या कुटुंबाला ती देता येते. शाळेसाठीचा खर्च ऐच्छिक सदक्यातून करावा, आणि तो तर सर्व धर्मांच्या मुलांच्या उपयोगी पडू शकतो. लोकांना ज्याचा लाभ होत राहतो असे ज्ञान आणि अखंड चालणारा सदका यांचे पुण्य मृत्यूनंतरही थांबत नाही, हे आपण जाणतोच. मात्र उपकार बोलून दाखविल्याने सदका व्यर्थ जातो, हा सूरह बकरामधील इशाराही तितकाच लक्षात असावा.

धनको ज्याची गरज सांगेल, ते देणे ही कर्जफेडीची रीत आहे. म्हणून भेटवस्तू ठरविण्यापूर्वी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारावे. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. मुलींसाठी स्वच्छतागृह हवे असताना आपण रंगीत प्रवेशद्वार बांधले, तर ते आपल्या हौसेसाठी झाले, शाळेसाठी नव्हे.

शाळा चालविणे हे शासनाचे काम आहे, असेही म्हटले जाते. ते खरेच आहे, आणि म्हणूनच रिक्त शिक्षकपदे भरण्यासाठी निवेदन देणे, पाठपुरावा करणे हाही परतफेडीचा भाग आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाने कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला होता. पुढे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे आला. शाळेचा पट का घटतो? ज्यांनी तेथे शिक्षण घेतले, त्यांनीच आपली मुले तेथून काढून घेतल्यामुळेही तो घटतो. प्रत्येकाची अडचण वेगळी असते. कोणाच्या घरच्या निर्णयावर बोट ठेवण्याचा येथे हेतू नाही. पण शाळेला पंखा देताना हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा : जी शाळा मला माझ्या मुलासाठी पुरेशी वाटत नाही, ती दुसऱ्याच्या मुलासाठी पुरेशी व्हावी म्हणून मी काय केले? आपल्याला जे प्रिय तेच आपल्या भावासाठी प्रिय मानणे, ही ईमानची कसोटी येथे लागू होते.

प्रेषित (स.) जनाजाच्या नमाजपूर्वी मृतावर कर्ज आहे का, हे विचारीत असत. शाळेचे कर्ज कोणत्याही वहीत लिहिलेले नसते, म्हणून वारस ते फेडणार नाहीत. ते जिवंतपणीच फेडावे लागते. अल्लाह आपणा सर्वांना उपकार ओळखण्याची आणि ते गाजावाजा न करता फेडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.